घरकुलाचा नकाशा कोणी काढायचा? (काळी माती, कापूस आणि २६९ चौरस फूट)

रेघोट्या
घरकुलाच्या यादीवरून गावात भांडणं होतात, नकाशावरून एकही होत नाही. कारण नकाशा कोणी पाहिलेलाच नसतो.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण, २०१६ पासूनची. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. ठेकेदार लावायचा नाही, लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, हे नियमातच आहे. म्हणजे कागदावर लोकसहभाग पुरेपूर. गावात मात्र एक झेरॉक्स फिरते: पुढे हॉल, मागे किचन, कोपऱ्यात संडास. मिस्त्री तीही बघत नाही, मागच्या गल्लीतलं घर बघून चुना टाकतो.

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या एखाद्या गावात तीस-चाळीस घरकुलं एकदम मंजूर झाली, तर लोकांना आखणीत नेमकं कसं घ्यायचं? काय त्यांच्यावर सोडायचं, काय नाही, आणि कोणत्या दिवशी काय करायचं? 'लोकांना विचारा' एवढंच लिहू नका, ते मलाही माहीत आहे.

वऱ्हाडी_ठेचा
इचारून काय होते भाऊ? समदे एकच सांगतीन, 'सिलॅप पायजे'. झाला सहभाग, चला चहा घ्या.

मुरूम
ठेचाभाऊ गमतीत बोलले, पण खरं आहे. म्हणून आधी काय विचारायचं *नाही* ते ठरवा. पाया विचारायचा नाही. तो मातीला विचारायचा.

काळ्या मातीची जाडी गावागणिक नाही, प्लॉटागणिक बदलते. टेकाडाकडे दोन फुटांवर मुरूम लागतो, नाल्याकडच्या रांगेत दहा फूट खणलं तरी लागत नाही. तेव्हा प्रत्येक चार-पाच प्लॉटांमागे एक खड्डा, तीन बाय तीन, मुरूम लागेपर्यंत किंवा सहा फुटांपर्यंत.

- मुरूम चार-साडेचार फुटांच्या आत: सगळी काळी माती काढा, पाया मुरमावर टेका, वर प्लिंथ बीम (जोत्याचा काँक्रीटचा पट्टा).
- त्याहून खोल: खाली फुगा असलेल्या पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काढलेली ही जुनी पद्धत आहे, भारतीय मानक आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात सगळी मापं आहेत. खोली साधारण ३ ते साडेतीन मीटर, फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीच पट. पाइल्सवरच्या बीमखाली तीन इंच पोकळी सोडा. ती राहिली नाही तर फुगलेली माती बीमच उचलते.
- दोन्ही प्रकारांत जोत्याच्या आत भर मुरमाची. खणलेली काळी माती परत आत ढकलली की दोन पावसाळ्यांत फरशी पोटासारखी वर येते. ती फुकट असते, शेजारीच पडलेली असते, म्हणून नव्वद टक्के ठिकाणी हेच होतं. (टक्के माझ्या रागाचे आहेत, मोजलेले नाहीत.)

लोकांना याचं कारण पटवायचं असेल तर भाषण नको. काचेच्या मोजपात्रात पाणी घ्या, त्यात त्याच प्लॉटची वाळवून चाळलेली माती १० सीसी सोडा, झाकून ठेवा. चोवीस तासांनी १५ सीसीच्या खाली असेल तर ठीक. २० च्या वर गेली तर माती त्रास देणार. ग्रामसभेत टेबलावर दोन पात्रं ठेवा, एक काळ्या मातीचं, एक मुरमाचं. आपल्या अनुदानातला मोठा तुकडा जमिनीत का गाडायचा, हे विचारायला कोणी उठत नाही.

चुलीपाशी
मुरूम, पात्राची कल्पना सुंदर. पण विचारायचं काय, यावर माझं मत वेगळं आहे. 'घर कसं पाहिजे' हा प्रश्नच चुकीचा. त्याचं उत्तर स्लॅबच येणार. विचारायचं असं: घरात काय काय ठेवता, कोणत्या महिन्यात, कोण उचलतं?

मग नकाशा आपोआप निघतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरात कापूस असतो, कारण भाव वाढेल या आशेवर तो विकलेला नसतो. झेरॉक्समधला 'हॉल' तेव्हा हॉल राहत नाही, कापसाची गंजी होतो. माणसं ओसरीत झोपतात. आणि ओसरी नकाशात नाही! सैल कापसासोबत झोपलं की अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात. हे बाईला विचारा, एका वाक्यात सांगेल. पुरुषांना विचाराल तर 'व्हरांड्याला ग्रिल पायजे' म्हणतील.

माझा आग्रह: पहिली बैठक फक्त बायांची, ग्रामसभेच्या आधी. महिला सभेची तरतूद कायद्यात आहेच. बैठकीत कागद नको. मोकळ्या मैदानावर खऱ्या मापात रेघा. खाट आणा, चूल म्हणून दोन विटा मांडा, गुंडं भरून आणा आणि न्हाणीपासून चुलीपर्यंत चालून दाखवा. तीन फुटांच्या दारातून डोक्यावर गाठोडं घेऊन आत शिरता येत नाही, हे चालताना कळतं, नकाशात नाही. दार साडेतीन फूट करा, गोष्ट संपली.

तुरीच्या_शेंगा
+१ चुलीपाशी ताईंना. एक भर घालते: फवारणीचं औषध. ते आज कुठे असतं? आढ्याला लटकवलेल्या पिशवीत, नाहीतर पलंगाखाली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधेनं माणसं गेली, ते फवारताना. पण पंप आणि डबे घरात असणं हाही धोकाच. बाहेरच्या भिंतीत, आतून न उघडणारा, दीड बाय दीडचा कोनाडा, लोखंडी दार आणि कुलूप. वीट तेवढीच लागते. नकाशात नसला की नंतर कोणी फोडून करत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
अन् मोबाइल चार्जिंगचा पॉईंट खाटीच्या डोक्याशी. बाकी समदं ठीक हाय.

कवेलू
सगळ्यांनी स्लॅब गृहीत धरलाय म्हणून विचारतो, कवेलू (मातीची कौलं) का नाही? पूर्व विदर्भात पिढ्यानपिढ्या मातीच्या भिंती, वासे, कवेलू. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५-४६ ला जातो तेव्हा टिनाखाली बसून दाखवा. सेवाग्रामची बापू कुटी १९३० च्या दशकातली, माती-बांबू-कवेलूची, अजून उभी आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात शंकूच्या आकाराच्या मातीच्या नळ्यांच्या कमानी करून लाकूड-लोखंडाशिवाय छप्पर उभारायचं तंत्र आहे. हे दाखवायलासुद्धा कोणी नेत नाही.

झाडीचा_मानूस
कवेलू भाऊ, वानरं. एवढंच.

कवेलू
@झाडीचा_मानूस विस्तारानं सांगा की.

झाडीचा_मानूस
वानरांची टोळी छपरावर उतरली की एका दुपारी शे-दीडशे कवेलू फुटते. मग पावसाळ्याच्या आधी फेराई करायची, म्हणजे सगळे कवेलू उतरवून, फुटके काढून, पुन्हा बसवायचे. पूर्वी गावात दोन-चार माणसं ते काम करायची. आता हात मिळत नाही, कुंभाराची भट्टी बंद, नवा कवेलू मिळत नाही, वाशाला सागाचं लाकूड परवानगीशिवाय हलत नाही. म्हणून बाई टिन मागते. तिला ऊन कळत नाही असं समजू नका, तिला फेराई करायची नाही. 'लोकांना परंपरा नकोशी झाली' म्हणायच्या आधी डागडुजी कोण करतो ते विचारा.

कवेलू
मान्य. मग निदान टिनाखाली बांबूचा तट्टा आणि वर चुना, एवढं तरी?

झाडीचा_मानूस
तट्टा चालते. टिनापासून अर्धा-पाऊण फूट खाली, दोन्ही टोकांना मोकळा, म्हणजे मधली गरम हवा निघून जाते. चिकटवून लावला तर काहीच फरक नाही. बांबू मात्र आधी पंधरा दिवस वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवलेला. नाहीतर भुंगा लागते, पीठ गळते जेवणाच्या ताटात.

ओळंबा
स्लॅबवर आकडे देतो, म्हणजे निवड करताना समोर रुपये असतील. बाहेरून २० बाय १७ फूट, मधली भिंतही नऊ इंची (स्लॅबचा एक टेकू तीच), आतली जागा २७५ चौरस फुटांच्या आसपास.

स्लॅब चार इंची, थोडा बाहेर काढून: साधारण साडेतीन घनमीटर. सिमेंट २८ थैल्या (१:दीड:३), वाळू अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), गिट्टी एक ब्रासच्या थोडी वर, सळई २५० ते २८० किलो.
भिंत दहा फूट उंच, दारं-खिडक्या वजा जाता १६ घनमीटर: विटा ८ हजार.

इथे बचत आहे. उंदीरसापळा पद्धतीनं, म्हणजे विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करून मधे पोकळी सोडत भिंत बांधली, तर विटा पावपट कमी. दोन हजार विटा वाचतात, भिंत नऊ इंचीच राहते, आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये ही रीत रूढ केली. अडचण अशी की गावभट्टीची वीट कुठे नऊ, कुठे पावणेनऊ इंच, कुठे वाकडी. पोकळी जुळत नाही, मिस्त्री वैतागून मसाल्यानं भरून टाकतो, मग बचत शून्य. राखेची वीट एकसारख्या मापाची असते आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, तिरोडा इतकी औष्णिक केंद्रं असल्यानं राखेची इकडे कमतरता नाही. जोत्यावरचा, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा (लिंटेल म्हणजे दार-खिडकीवरचा पट्टा) थर, शिवाय कोपरे आणि चौकटींच्या बाजू भरीवच घ्या.

आणि मिस्त्रीला पहिलं घर बांधू देण्याआधी चार फूट उंचीची नमुना भिंत बांधायला लावा. मोडून टाका, विटा परत वापरा.

मुरूम
@ओळंबा सहमत. फक्त नाल्याकडच्या काळ्या मातीत लिंटेलला सलग पट्टा हवाच, चारही भिंतींवरून फिरणारा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते ती तुकड्या-तुकड्याच्या लिंटेलमुळे.

आणि कूलर! घर बांधताना कूलर कोणाच्या डोक्यात नसतो, एप्रिलमध्ये खिडकीचं गज कापून बसवतात. त्याचं पाणी रोज एकाच जागी पायात मुरतं. तिथली माती फुगते, बाकी घराखालची कोरडी असते, पुढच्या वर्षी नेमकी त्याच भिंतीला चीर. न्हाणीच्या सांडपाण्याचंही हेच. कूलरची खिडकी आधीच ठरवा, तिच्यासमोरच्या भिंतीत वर झरोका (हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसता दमटपणा देतो), खाली नाली, आणि घराभोवती तीन-चार फुटांचा उतरता कट्टा. हे मात्र लोकांनाच विचारायचं: दुपारी कोण कुठे झोपतं?

पोडावरून
आतापर्यंत सगळे एका घराबद्दल बोलताहेत. तीस-चाळीस घरं म्हणजे वस्ती. ती कोण आखणार?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत ५२ गावं नव्या जागी वसवली. रुंद सरळ रस्ते, वर्गवारीनुसार प्लॉट. जुन्या गावात आळी होती, नात्याची घरं पाठीला पाठ लावून होती, नव्या गावात ती अंतरावर गेली. त्याच कार्यक्रमात दुरुस्तीच्या गावांमध्ये मात्र गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. घरमालक, मिस्त्री आणि अभियंता यांच्यात बोलणं घडवायचं, मालाचा हिशोब कळवायचा, भिंतीतले भूकंपरोधक पट्टे नीट पडताहेत का बघायचं. रेघोट्या, तुमच्या प्रश्नातल्या 'कसं' ला हे अर्धं उत्तर आहे. गावातलीच दोन माणसं, एक बाई असलीच पाहिजे.

आमच्याकडे कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, घ्या. मधे चावडी, भोवती घरं. पीएम-जनमनमध्ये (२०२३) कोलाम, माडिया अशा आदिम जमातींना घराला २ लाख मिळतात, म्हणजे पैसे तुलनेनं बरे. पण घरं रस्त्याकडे तोंड करून रांगेत बांधली की चावडीकडे सगळ्यांची पाठ. जिओटॅगिंगला रांगच लागते असं कुठे लिहिलेलं नाही. फोटो प्रत्येक घराचा वेगळाच काढायचा असतो.

बिनधास्त_बुलढाणा
मग लोक म्हणतील ते सगळं करायचं? गडचिरोलीत गाव म्हणेल कुर्माघर हवं, पाळीच्या बाईला बाहेर ठेवायला. तेही आखायचं नकाशात?

चुलीपाशी
@बिनधास्त_बुलढाणा 'गाव म्हणेल' म्हणजे कोण म्हणेल? मुद्दा तिथेच आहे. म्हणून बायांची बैठक आधी आणि वेगळी. काही गावांत बायांनीच गळकी झोपडी नको, पक्की खोली, पाणी, संडास, दिवा हवा म्हणून सांगितलं आणि तशा विसाव्याच्या इमारती झाल्या. प्रथा एका घरकुलानं जाणार नाही. पण आतल्या बाईला साप चावू नये एवढं आजही करता येतं.

बिनधास्त_बुलढाणा
हं. पूर्ण पटलं नाही, पण प्रश्न मागे घेतो.

लिंटेलला_अडकलेले
सगळं छान, पण सहभागाचा सर्वात मोठा तोटा कोणी बोललं नाही. माणसाला विचारलं की घर वाढतं. २६९ चं ४०० होतं, मुलासाठी एक खोली, देवघर, पुढे खांब. हप्ते मात्र टप्प्यानं: जोतं झालं, फोटो, पैसे, लिंटेल झालं, फोटो, पैसे. जोतं मोठं घेतलं की अनुदान लिंटेलला संपतं. मग चार भिंती आणि वर ताडपत्री, दोन-दोन पावसाळे. फिरून बघा, प्रत्येक गावात दिसेल.

ओळंबा
हा मुद्दा वजनदार आहे. उपाय: मोठं स्वप्न मोडायचं नाही, वाट ठेवायची. इंदूरची अरण्य वसाहत आठवा, वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींची. लोकांना जोतं, संडास-न्हाणी आणि एखादी खोली दिली, बाकी ज्यानं त्यानं ऐपतीनं वाढवलं. चिलीमध्ये इकिके शहरात वास्तुविशारद आलेहान्द्रो आरावेना यांनी जवळपास शंभर कुटुंबांसाठी अर्धंच घर बांधलं, पण अवघड अर्धं: पाया, जिना, न्हाणी, स्वयंपाकघर. उरलेलं रहिवाशांनी भरलं.

आपल्याकडे याचा अर्थ: आज २७५ फूटच. पण ज्या बाजूला वाढ होणार त्या भिंतीत दाराएवढी जागा सोडून वर लिंटेल घालून ठेवा, खालची पोकळी विटांनी भरा. उद्या फोडली की दार. त्या बाजूला संडासाचा खड्डा नको. स्लॅबच्या सळया दीड-दोन फूट बाहेर ठेवायच्या असतील तर टोकांना पातळ सिमेंटचा लेप देऊन कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये झाका, उघड्या ठेवल्या तर पाच वर्षांत गंजून सोलतात. ग्रामसभेत प्रत्येक कुटुंबानं दोन रेघा मारायच्या, एक आजची, एक दहा वर्षांनंतरची.

तुरीच्या_शेंगा
खड्ड्याचं बरं काढलंत. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, जुलैत खड्डा भरतो, मग लोक म्हणतात संडास बिघडला आणि त्यात सरपण भरतात. दोन खड्डे, प्रत्येकी एक मीटर व्यास आणि साधारण तेवढाच खोल, मधे किमान एक मीटर अंतर, जाळीदार विटा. काळी माती असेल तर खड्डा सगळ्या बाजूंनी एक-एक फूट जास्त रुंद खणून विटांच्या बाहेरून चहूकडे वाळू-गिट्टीचा एक फुटी थर. विहिरीपासून दहा मीटर लांब. एका वेळी एकच खड्डा चालू, दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत होतं. दोन्ही एकदम चालू ठेवले की दोन्ही एकदम भरतात.

वऱ्हाडी_ठेचा
इतलं समदं दोन खोल्यात? आता तं मलेच घर बांधाचं मन होऊन रायलं.

रेघोट्या
धाग्यानं माझा प्रश्न बराच सरळ केला. माझ्यापुरता क्रम असा जुळतोय, चुका दाखवा.

मंजुरीपत्रं येताच खड्डे खणणं आणि मातीची पात्रं. त्याच आठवड्यात बायांची सभा, घरात काय ठेवता ही यादी. मग ग्रामसभा: पात्रं टेबलावर, पाया-पट्टा-भर यावर मत नाही, फक्त कारणं, छप्पर, दारं, कूलर, ओसरी, वाढीची बाजू, वस्तीची मांडणी यावर मतं, प्रत्येक पर्यायापुढे थैल्या आणि विटा लिहून. मैदानावर खऱ्या मापाच्या तीन आखण्या. प्रत्येक घरची माणसं फिरून एक निवडतील, बदलतील. शेवटी ज्याच्या त्याच्या प्लॉटवर रेघा. सगळं मिळून दोन-तीन आठवडे.

पोडावरून
कोरम विसरू नका, १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी ते. पेसा (आदिवासी भागाचा पंचायत कायदा) गावांत पाड्या-पोडाची स्वतंत्र ग्रामसभा घेता येते, तिथेच घ्या, ग्रामपंचायतीच्या मुख्य गावी बोलावू नका. आणि दिवसा नाही. कापूस वेचायच्या दिवसांत तर संध्याकाळी सातनंतरच. दिवसा बोलावलं की रिकामे पुढारी येतात.

लिंटेलला_अडकलेले
वाळूचं आधी करा. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, या घराला एवढी पुरते. पण पास वेळेत काढला नाही तर मिस्त्री रिकामा बसतो आणि माणूस विकत घेतो.

मुरूम
मिस्त्री मैदानावर हवा, शेवटच्या दिवशी नाही, पहिल्या रेघेपासून. नाहीतर सगळी सभा होऊन तो परत मागच्या गल्लीतलं घरच बांधेल. त्याची त्या दोन दिवसांची हजेरी (मजुरी) कोण देणार हे आधी ठरवा, ती कुठल्याच हप्त्यात बसत नाही.

रेघोट्या
हजेरी दोघा-चौघा मिस्त्र्यांना पुढची घरं वाटून देताना त्यातच धरावी असं वाटतं. विचारतो.

चुलीपाशी
आणि मैदानावर चुना नको. वाऱ्यानं उडतो म्हणून लोक पाणी मारतात, मग तो बसतो आणि रेघ बदलायची म्हटलं की जुनी-नवी दोन्ही दिसतात, खाट कुठल्या खोलीत आहे तेच कळत नाही. चुलीतली राख घ्या, दोन-तीन घमेली पुरतात. नाही आवडली भिंत तर झाडूनं पुसायची.